आत्याची बैठक

मंगळवार, ११ जून २०१९. वारा आग्नेयेचा, समुद्र खवळलेला. बोट आली नाही, त्यामुळे पाव नाही. सकाळी केवड्याच्या पाती उकळल्या, दुपारी दोरीवर वाळत घातल्या. पातेलिसिओने दवाखान्यातली खुर्ची माझ्यासाठी विणकामाच्या घरी पाठवली. मी बसले नाही. संध्याकाळी कालोलाइन सिसिलियाच्या लग्नाचं रीतसर सांगून गेली. मी ‘बघू’ म्हटलं.

एवढं लिहून सुलिएतीने वही मिटली. रोज लिहायची सवय तिला लहानपणी शाळेतल्या नन्सनी लावली होती. जे घडलं ते वहीत लिहायचं आणि जे वाटलं ते देवाला सांगायचं, असं सिस्टर बेनेदिक्ता म्हणत. सहासष्टाव्या वर्षीही सुलिएती ते पाळत होती. त्यामुळे त्या ‘बघू’च्या मागे काय होतं ते वहीत कुठेच नव्हतं.

मोतुहिना बेटावर पन्नासेक घरं. तिथे ‘बघू’ हा शब्द उद्याच्या पावसाबद्दल चालतो, भाचीच्या लग्नाबद्दल चालत नाही. भावाच्या मुलीच्या लग्नात आत्याचा मान पाद्रीबाबांच्याही वर असतो. वराकडच्या चटया, झाडाच्या सालीच्या कापडाचे गठ्ठे, तेलाच्या बाटल्या, सगळं आत्यासमोर येऊन पडतं. ती पाय दुमडून मधोमध बसते आणि शेवटची चटई ठेवली जाईपर्यंत उठत नाही. ती प्रसन्न असली म्हणजे मुलीची कूस उजवते. तिच्या मनात अढी असली तर काय होतं ते कुणी मोठ्याने बोलत नाही, पण बेटावरच्या मूल नसलेल्या दोन बायकांची नावं लगेच सगळ्यांच्या मनात येतात.

आणि सुलिएतीला बसताच येत नव्हतं.

ईस्टरच्या आठवड्यात ती मोठ्या बेटावर नेइआफूला गेली होती, ऑकलंडला असलेल्या आपल्या मुलांनी पाठवलेलं खोकं सोडवून आणायला. तिथेच ताप भरला, जांघेत गाठी आल्या आणि अशा जागी फोड उठले की चालताना डोळ्यांत पाणी येई. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा हर्पीस आहे. नागिणीच्या जातीचा, पण अंगसंगातून येणारा. फोड जातील, पण आजार शिरेच्या मुळाशी झोपून राहील. सुलिएती म्हणाली की माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, हा कितीही वर्षं गप्प राहू शकतो, केव्हा आला आणि कुणाकडून आला ते आता कुणालाच सांगता येणार नाही. फोड बरे झाल्यावरही आग राहिली तर तुमच्या बेटावरच्या दवाखान्यात दाखवा.

बेटावरच्या दवाखान्यात बसणारा माणूस तिचा सख्खा भाऊ होता, हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार.

फोड गेले. आग राहिली. डाव्या बाजूला, बसायच्या जागेपासून मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत ती उतरायची. कधी मुंग्यांची रांग चालावी तशी, कधी तापवलेली सुई टोचावी तशी. कधी नुसता परकर घासला तरी ओरखडा उठल्यासारखं होई. आणि कधीकधी थंड पाणी ओघळल्यासारखं वाटे, ती चमकून हात लावून पाही, तर कातडी कोरडी ठणठणीत. या थंड पाण्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटे. दुखलं तर दुखण्याचं काही कारण असतं. नसलेलं पाणी अंगावरून वाहतं म्हणजे आत काहीतरी कायमचं बिघडलं, असं तिच्या मनाने घेतलं. उभं राहिलं, चाललं की ते निवे. खाली बसलं, अंगाचं वजन तिथे पडलं, की आग पेटे.

हे भावाला सांगणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. पातेलिसिओ तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. दहा वर्षांचा झाला तेव्हापासून तो बहीण झोपते त्या घरात झोपला नाही. ती असेल त्या खोलीत त्याच्यासमोर कुणी चावट विनोद करत नाही, आणि केलाच तर दोघांपैकी एकाला उठून जावं लागतं. एकदा शाळेच्या पटांगणात पडद्यावर सिनेमा दाखवत होते. नायकाने नायिकेला जवळ ओढलं, त्या क्षणी पातेलिसिओला मागच्या रांगेत बहीण बसलेली दिसली. तो इतक्या घाईने उठला की पडद्याचाच बांबू घेऊन पडला. चाळीस वर्षं झाली तरी बेट ते विसरलेलं नाही. या माणसाने बेटावरच्या निम्म्या लोकांची बाळंतपणं केली, गळवं फोडली, नको त्या जागच्या जखमा शिवल्या. पण बहिणीला खोकला सोडून दुसरं काही होतं, असं त्याने मनातही आणलं नसेल.

म्हणून तिने भावजयीकरवी निरोप पाठवला की कंबर धरली आहे.

पातेलिसिओने मनापासून कंबरेवर उपचार केले. चोळायचा मलम पाठवला, गोळ्या पाठवल्या, गरम पाण्याची रबरी पिशवी पाठवली. त्या पिशवीने आग अशी काही भडकली की सुलिएती परसात जाऊन ओल्या केळीच्या पानावर बसली. मग त्याने जमिनीवर बसायचं नाही असं फर्मावलं आणि दवाखान्यातली लोखंडी पायांची खुर्ची विणकामाच्या घरात नेऊन ठेवायला लावली.

विणकामाच्या घरात दहा-बारा बायका जमिनीवर ओळीने बसून एकाच मोठ्या चटईवर काम करतात, गप्पा मारतात, एकमेकींच्या पाती पळवतात. तिथे मधोमध खुर्ची आली. फिफिता जीभ सांभाळणारी बाई नव्हतीच कधी. ती म्हणाली, “या राणीसरकार. आता आम्ही मान वर करून विणायचं का खाली बघून?” सगळ्या हसल्या, सुलिएतीही हसली. पण चारचौघी खाली असताना वर बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि त्या खुर्चीचं रेक्झिन चटईपेक्षा दुप्पट तापे. ती उभ्याउभ्याच शिंपल्याच्या कडेने पाती तासत राहिली.

कालोलाइनला खरं सांगून टाकावं असं तिला अनेकदा वाटलं. भावजय मनाने लोण्यासारखी, पण तिच्या पोटात काही राहत नसे. सकाळी तिच्या कानात घातलेलं दुपारपर्यंत नवऱ्याच्या कानात जाणार, आणि मग बहीण-भावाला एकमेकांच्या सावलीतसुद्धा उभं राहता आलं नसतं. फादरना सांगावं तर त्यात तिचं पाप नव्हतं, आणि पाप नसलेलं सांगायची जागा तिला माहीत नव्हती.

राहिला पेतेलो, तिचा नवरा. तो गलबतावर खलाशी होता, खोबरं घेऊन बेटाबेटांवरून फिरायचा. दर शनिवारी ती त्याच्या थडग्यावरची पांढरी वाळू सारखी करायला जाई आणि हात चालू असताना आठवड्याच्या बातम्या त्याला सांगे. कुणाची डुकरीण व्याली, कुणाचा पोरगा ऑस्ट्रेलियाला फळं तोडायला गेला. ईस्टरपासून ती वाळू सारखी करत होती, काळे खडे कडेने लावत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. प्रत्येक बंदराचं नाव तिला आठवे, आणि प्रत्येक नावाशी ती थांबे.

‘बघू’ची बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेटभर झाली. कुणी म्हणालं, नवरा मुलगा वेस्लियन चर्चचा, म्हणून आत्याला पसंत नाही. कुणी म्हणालं, सांगायला उशीर केला. फिफिताने शोध लावला की सगळा राग त्या खुर्चीचा आहे.

आठवडा संपायच्या आत सिसिलिया स्वतः आली. होणाऱ्या नवरीने कमरेला जुनी, फाटकी, दशा लोंबणारी चटई गुंडाळली होती. क्षमा मागायला जाताना गुंडाळतात तशी. ती दाराबाहेरच मान खाली घालून बसली.

“आत्या, माझं काय चुकलं ते सांग,” ती म्हणाली. “दोन थोबाडीत मारल्यास तरी चालतील. पण मनात ठेवू नकोस.”

सुलिएती म्हणाली की वेडी आहेस, राग कसला, ऊठ आधी. सिसिलिया उठेना. तिला लहानपणी याच दारात सुलिएतीने केस विंचरून दिले होते. राग नाही तर मग लग्नात बसणार असं म्हण, असं ती रडत पुन्हापुन्हा म्हणत राहिली. शेवटी सुलिएतीच येऊन तिच्याशेजारी बसली. तोंडाने सांगून पटत नाही तर असं तरी पटेल, असं तिला वाटलं. तिने पाय दुमडले, पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि लग्नाच्या वाढपाबद्दल विचारू लागली. नीरफणस किती, डुकरं किती, सासरची माणसं किती. आग गुडघ्यापर्यंत गेली, परत वर आली. तिने डाळीच्या दाण्याएवढीही हालचाल केली नाही. पण डोळ्यांतून पाणी आलं ते तिला थांबवता आलं नाही, आणि मग ती हातांवर भार देऊन गुडघ्यांवर आली, रांगणाऱ्या मुलासारखी.

सिसिलियाचं रडणं जागच्या जागी थांबलं. “आत्या, कुठे दुखतंय?”

“कंबर.”

“बाबा म्हणत होते, कंबर धरली असती तर आत्याला टाकीवरून दोन दोन बादल्या आणता आल्या नसत्या.” तिने आत्याचा दंड धरला. “मी त्यांना काय सांगू?”

“सांग, आत्याला राग नाही,” सुलिएती म्हणाली. “तेवढंच सांग.”

दोन दिवसांनी कुंपणापाशी खाकरल्याचा आवाज आला. पातेलिसिओ बहिणीच्या घरी यायचा तेव्हा असाच खाकरायचा आणि आत यायचा नाही. सोबत कालोलाइन होती. सुलिएती स्वयंपाकाच्या छपरात अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून पुड्या बांधत होती. तिने डोकावून पाहिलं तर भाऊ घराकडे पाठ करून, नीरफणसाच्या झाडाकडे तोंड करून उभा होता आणि बायकोशी बोलत होता. बायको हातभर अंतरावर होती, तो मात्र लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलत होता.

“कालोलाइन, गुरुवारी शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यातली मेलिआमे सिस्टर येतेय. बायकांची तपासणी आहे. सगळ्या बायकांची. तरण्या, म्हाताऱ्या, कुणी सुटायचं नाही.”

“अहो, काल घरी सांगितलंत की.”

“पुन्हा सांगतो. त्या दिवशी मी बेटावर नाही. मासे धरायला जाणार आहे.”

कालोलाइनला हे नवीन होतं. “तुम्ही? तुम्हाला धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसून मळमळतं.”

“सकाळी जाणार. सिस्टरचं काम आटोपल्याशिवाय येणार नाही. ती जे लिहील ते तिच्याबरोबर तिच्या बेटावर जाईल. औषध लागलं तर तिच्याकडून बांधून येईल, गाठ मी सोडणार नाही.” तो झाडाच्या बुंध्याची साल नखाने खरवडत होता. “काही दुखणी माझ्याकडे आणायची नसतात. मी इतकी वर्षं दवाखाना चालवतो, पण हे माझ्या टाळक्यात उशिरा शिरलं.”

कालोलाइनने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा छपराकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

सुलिएतीच्या हातातली पुडी अर्धवट राहिली होती, दूध बोटांवरून गळत होतं. भावाला थेट काही म्हणणं शक्य नव्हतं. ती आतूनच म्हणाली, “कालोलाइन, त्याला म्हणावं टोपी घाल. भर समुद्रात ऊन फार लागतं.”

“घालतो म्हणावं,” पातेलिसिओ झाडाला म्हणाला.

गुरुवारी सकाळी सगळ्या बेटाने बघितलं, पातेलिसिओ टोपी घालून, चुलतभावाची छोटी बोट घेऊन, प्रवाळाच्या रांगेपलीकडे गेला. दवाखान्याच्या आंब्याखाली बायकांची रांग लागली होती आणि तिथून तो दिसत होता, लाटेबरोबर वर येणारा आणि खाली जाणारा एक ठिपका. फिफिता म्हणाली की बघा, मासे धरतोय का माशांना जेवण घालतोय. रांग हसत होती. एकटी सुलिएती आत गेली असती तर शंभर डोळे तिच्या पाठीला चिकटले असते. आता ती आठवी का नववी होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मेलिआमे सिस्टर आडव्या अंगाची, अनवाणी, हसरी बाई. दार लावल्यावर सुलिएतीने जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं ती विसरली, आणि मग सगळं एकदम बोलली. फोड, नेइआफूची डॉक्टरीण, मुंग्या, सुई, नसलेलं पाणी. चर्चची वस्त्रं ती धुवायची ते तिने सोडून दिलं होतं, शेजारच्या तान्ह्या मुलाला उचलून घेत नव्हती, आपला पेला आणि टॉवेल वेगळे उकळत होती. लग्नाच्या चटयांवर मी बसले तर नंतर त्या चटया ज्यांच्या घरी जातील त्यांचं काय, हेही तिने विचारलं.

मेलिआमेने आधी तपासलं, हात धुतले आणि मग तिच्यासमोर बसली. फोड नाहीत, कातडी स्वच्छ आहे, ती म्हणाली. चटईतून, कपड्यातून, पेल्यातून तुझं दुखणं कुणाला जात नाही. त्या तान्ह्याला आज घरी जाताना घे.

“मग हे काय आहे?”

“मावशी, आमच्या चर्चची घंटा म्हणजे गॅसचा जुना सिलिंडर आहे. तुमचीही तीच. टोला एकदाच मारतात, पण नंतर हात लावून बघ, आत किती वेळ घुमत असतं. तुझ्या शिरेला टोला बसलाय. ती घुमतेय.”

“थांबेल?”

“बहुतेकांचं हळूहळू उतरतं. आठवडे लागतात, कुणाला महिने. कुणाचं थोडंसं राहतं. मी खोटं सांगणार नाही.”

नसलेल्या पाण्याचं काय, हे सुलिएतीने पुन्हा विचारलं. तेही त्या घुमण्यातलंच, मेलिआमे म्हणाली. शिरेला नीट बातमी देता येत नाही, म्हणून ती चुकीची देते. पाणी म्हणाली की तू मनात म्हण, बरं बरं, ऐकलं. हात लावून बघायला जाऊ नकोस, नाहीतर दिवसभर तेच करशील. मग तिने औषधाचं सांगितलं. निजताना एक बारीक गोळी, सुरुवातीला गुंगी येईल, तोंड कोरडं पडेल. गरम पिशवी बंद, ओलं गार फडकं. घासणारं कापड नको, धुऊन धुऊन विरलेलं सुती बरं. पुन्हा फोड येणारच असले तर आग एका जागी गोळा होईल, बारीक पुरळ दिसेल, तेव्हा लगेच निरोप पाठव, त्याच्या गोळ्या वेगळ्या आहेत. लग्नाचं ऐकल्यावर तिने सुलिएतीला तिथेच जमिनीवर बसायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून दाखवलं. भार उजव्या बाजूवर, डावा पाय जरा मोकळा, कमरेच्या चटईचा पट्टा वरच्या अंगाला, आणि थोड्या थोड्या वेळाने झोका घेतल्यासारखं वजन हलवायचं. “गाणं ऐकून डोलतेयस असं वाटेल लोकांना,” ती म्हणाली.

निघताना मेलिआमेने विचारलं, नवऱ्याच्या ओठावर कधी फोड यायचे का.

“प्रत्येक फेरीनंतर,” सुलिएती म्हणाली. “उन्हाचे म्हणायचा.”

“उन्हाने उठत असतील. पण असतात ते याच जातीचे. अर्ध्या लोकांच्या ओठांत हा लहानपणापासून बसलेला असतो. ओठावरून दुसरीकडे जायला परकी बाई लागत नाही, मावशी.”

सुलिएतीला आधी अर्थ लागला नाही. मग लागला, आणि ती कानाच्या पाळ्यांपर्यंत तापली. पेतेलोचं गलबत पहाटे धक्क्याला लागायचं, त्याच्या अंगाला खोबऱ्याचा वास यायचा, आणि तो काही केल्या धीर धरायचा नाही. मेलिआमे गोळ्या पुडीत बांधण्यात गढून गेल्यासारखी दिसली.

“तसंच झालं असं मी म्हणत नाही,” पुडी देताना ती म्हणाली. “ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण वाईट तेवढंच धरून बसू नकोस.”

पातेलिसिओ दुपार कलल्यावर परत आला. चेहरा हिरवा, आणि हाताला फक्त एक मासा. वीतभर होता. फिफिताने तो उचलून बघितला आणि याला त्याच्या आईकडे पोचवून या म्हणाली. त्याने तो परत घेतला. मासा बायकोच्या हाती दिला आणि म्हणाला, ताईकडे नेऊन दे. सुलिएतीने तो तळला आणि काटे वेचत एकटीने सगळा खाल्ला.

पुढच्या शनिवारी तिने थडग्यावरची वाळू सारखी केली आणि पेतेलोला पहिली बातमी त्या माशाची सांगितली. बाकीच्या बातम्या बऱ्याच साठल्या होत्या. बंदरांबद्दल तिने त्याला काही विचारलं नाही. पण त्याच्या ओठावरच्या उन्हाबद्दल बोलताना तिला हसू आलं, आणि आजूबाजूला कुणी नाही ना ते तिने आधी बघून घेतलं.

गोळ्यांनी पहिले काही दिवस ती उठताबसता पेंगत राहिली. तोंड सुकायचं. मग हळूहळू सुई बोथट झाली. मुंग्या आल्या तरी ती मनात बरं बरं म्हणे आणि हातातलं काम चालू ठेवी. थंड पाणी तेवढं अजून वाहायचं. ती हात लावून बघायची नाही. रोज दुपारी ती विणकामाच्या घरात उजव्या बाजूवर भार देऊन थोडा वेळ बसायची, आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त. खुर्ची कुणीतरी कोपऱ्यात नेली होती आणि तिच्यावर पातींची भेंडोळी रचली होती. सिसिलियाला तिने निरोप पाठवला, आत्या बसणार. किती वेळ बसवेल ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ऊन लख्ख होतं. चर्चमधलं आटोपून मंडपात आले तेव्हा सुलिएती आपल्या जागी बसली. आत विरलेला सुती परकर, वरून काळा पोशाख, कमरेला ताओवाला, म्हणजे मानाची गुंडाळायची चटई, आणि पट्टा चांगला वर बांधलेला. सिसिलियाने समोरून येताना आत्या बसलेली पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. वराकडच्या वक्त्याने भाषण सुरू केलं. वक्ता नेइआफूचा होता आणि त्याला वंशावळीची हौस होती. नवऱ्या मुलाच्या पणजोबापर्यंत तो आला तोवर सुलिएती ठीक होती. खापरपणजोबापाशी आग पेटली. तिने वजन हलवलं. पुन्हा हलवलं. चटया यायला अजून सुरुवातही झाली नव्हती. उठली तर सगळं संपलं, हे तिला कळत होतं, आणि मांडीचे स्नायू थरथरायला लागले होते.

पातेलिसिओ लांब, पुरुषांत, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होता. बहिणीकडे बघायचं नाही म्हणून तो आल्यापासून वक्त्याच्या चपलांकडे बघत होता. त्याने तिला कधी पाहिलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. जवळून जाणाऱ्या कालोलाइनला थांबवून त्याने काहीतरी सांगितलं आणि ती तडक घरात गेली. ती आणि तिची बहीण परत आल्या तेव्हा दोघींच्या हातांवर एक जुनी चटई होती. पातेलिसिओच्या आणि सुलिएतीच्या आईची, आईच्याही आईने विणलेली. वापरून वापरून इतकी मऊ झालेली की चटई म्हणवत नव्हती, लुगड्यासारखी हातावर लोळत होती. ती मेल्या माणसासाठी आणि राजघराण्यातल्या पाहुण्यासाठीच बाहेर काढतात.

वक्ता थांबला. मंडपात कुजबूज झाली. पातेलिसिओ उभा राहिला आणि सगळ्यांना उद्देशून, मंडपाच्या खांबाकडे बघत म्हणाला, “भाषण थांबवल्याबद्दल माफ करा. आमच्या घरच्या मोठ्या लेकीला आईच्या चटईवर बसवायचं राहून गेलं होतं. चूक माझी. चांगली चौघडी घालून द्या.”

म्हाताऱ्या माणसांनी समाधानाचे हुंकार दिले. भावाने बहिणीला एवढा मान दिलेला बेटाने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. बायकांनी सुलिएतीला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, आणि तेवढ्या वेळात पायांत रक्त फिरलं, आग ओसरली. चटई चार पदरी घालून झाली. ती पुन्हा बसली. खाली मऊ होतं, आणि गार होतं. पेटीतल्या चंदनाचा वास येत होता.

तिने मान वर केली नाही. दोघांपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. वक्त्याने खापरपणजोबापासून पुन्हा सुरुवात केली. चटया आल्या, कापडाचे गठ्ठे आले, उलगडले गेले, तिच्यासमोर ढीग उंच होत गेला. मध्येच थंड पाणी डाव्या मांडीवरून ओघळत गेलं. ती डोलली आणि बसून राहिली. शेवटची चटई ठेवून झाल्यावर सिसिलिया गुडघ्यांवर सरकत आली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, नेमकं डाव्याच. सुलिएतीने ते तिथेच राहू दिलं आणि पोरीच्या केसांत माळलेली फुलं नीट केली.

त्या संध्याकाळी तिने शनिवार, ६ जुलै असं लिहून खाली वाऱ्याची दिशा लिहिली, लग्न सुखरूप पार पडल्याचं लिहिलं, आणि मग लिहिलं: कालोलाइनची दोन मोठी पातेली आपल्याकडे राहिली आहेत. उद्या रविवार, म्हणून सोमवारी घासून परत द्यायची.